बरं न होणारं गाव

शलाका बोरुडेच्या फोनमध्ये एक घागर होती आणि ती भरायचं नाव घेत नव्हती. रोज सकाळी तिच्यात एक थेंब पडे. एकच. पडताना 'टप' असा आवाजही येई, कारण ज्याने कुणी ते ॲप बनवलं होतं त्याला आपण फार कल्पक आहोत असं वाटत असणार.

घागर भरली की शलाका सुटणार होती. मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण तिने मनोमित्र शिष्यवृत्तीवर घेतलं होतं. फी, वसतिगृह, खाणावळ, सगळं योजनेने केलं. बदल्यात एका बंधपत्रावर सही करायची: पदवी मिळाल्यावर जिथे कुणी समुपदेशक फिरकत नाही अशा गावात जाऊन सेवा द्यायची आणि सेवा पुरी होईपर्यंत दुसरीकडे पाय ठेवायचा नाही. तिकडे बंगळुरूच्या एका मेंदूसंशोधन संस्थेत तिची जागा राखून ठेवलेली होती. मेअखेर ती हजर झाली नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार, असं संस्थेने फार सभ्य भाषेत कळवलं होतं.

पूर्वी ही सेवा वर्षांत मोजत. तीन वर्षं काढली की मोकळे. मग बंधपत्रवाले लोक खरोखरच वर्षं काढत. कुणी पत्त्यांत काढली, कुणी गिटार शिकण्यात. योजना नव्याने आखायची ठरली तेव्हा समितीत विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी घेतला. ती शलाका. ती ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, "वर्षं मोजू नका. लोकांना किती बरं वाटलं ते मोजा." समितीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून तिच्या कानात होत्या, फक्त आता त्या थोबाडीत बसल्यासारख्या वाजत.

बरं वाटणं मोजायचं साधन तयारच होतं. शलाकाच्या मार्गदर्शक डॉक्टर रणदिवे यांनी बनवलेली 'मनगटी'. गावातल्या प्रत्येकाच्या हातात बांधायचा, दिसायला रबरी पट्टा, पण आतल्या बाजूला नखाएवढी पातळ चकती. मनावर ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि घामातही अगदी सूक्ष्म प्रमाणात उतरतं. चकतीवर तेवढाच रेणू अडकून बसेल अशी रचना केलेली होती. जितके रेणू अडकतील तितका चकतीतला विद्युतप्रवाह बदले. शिवाय मनगटी नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बघे. निवांत माणसाचं हे अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं, धास्तावलेल्या माणसाचं मात्र जवळजवळ एकसारखं राहतं. कुणी धावून किंवा जिना चढून आकडा बिघडवू नये म्हणून हालचाल टिपायचीही सोय होती.

कॉर्टिसॉल दिवसभरात आपलं आपण वरखाली होतं, म्हणून मोजणी रोज एकाच वेळी, सकाळी डेअरीला दूध घालायच्या सुमाराला. माणूस समुपदेशकाकडून हसत बाहेर पडला एवढ्याने भागत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याचं मन हलकं असलं पाहिजे. तसं असलं की एक 'उतार' धरायचा आणि घागरीत थेंब पडायचा. मोजणीच्या वेळी पट्ट्यावर ठिपका लागे, ताण असला तर लाल, नसला तर हिरवा. ताण पुन्हा चढला की थेंब परत. कुणाच्या मनगटीने थेंब दिला हे मात्र ॲप कुणालाच सांगत नसे, कारण माणसाचं मन ही त्याची खासगी बाब. 'या यंत्राला फसवणे अशक्य आहे,' असं शलाकाने आपल्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

तिच्या वाट्याला गडमाळ आलं. कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला, जिथून बेळगाव जवळ आणि कोल्हापूर लांब. गावात काजूचे कारखाने आणि फौजेतून निवृत्त झालेले पुरुष, दोन्ही भरपूर. चंद्राक्का नाईकांच्या काजू कारखान्याच्या माडीवर शलाकाची राहायची खोली आणि तिला लागूनच समुपदेशन केंद्र. खाली बायका काजू फोडत आणि भाजलेल्या टरफलांचा वास वर येई. पहिल्या महिन्यात शलाकाला त्याने शिंका येत, नंतर त्या वासाशिवाय तिला झोप येईना.

सुरुवातीला गावाला तिचं काम काय ते कळलं नाही. एकाने रक्तदाब तपासायला हात पुढे केला. एक बाई म्हैस घेऊन आली. वासरू विकल्यापासून म्हशीचं मन लागत नव्हतं. शलाकाने म्हशीचं काही केलं नाही, पण बाईशी तासभर बोलली आणि वासरू विकल्याचं दुःख म्हशीपेक्षा बाईलाच जास्त होतं असं निघालं. बाई डोळे पुसत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी घागरीत पहिला थेंब पडला. मग बाया आल्या, पोरं आली, म्हातारे आले. सुभेदार गावडे आले. त्यांना फौज सोडल्यापासून धड झोप नव्हती. ते पहिले आठ दिवस नुसते ताठ बसून गेले, नवव्या दिवशी बोलले आणि मग बोलतच राहिले. वर्षभरात घागर गळ्यापर्यंत आली.

आणि जानेवारीत सगळं अडलं.

लोक येत होते. बोलत होते, रडत होते, जाताना "लई बरं वाटलं बगा मॅडम" म्हणत होते. सुभेदार आता असे झोपत की त्यांची बायको घोरण्याची तक्रार घेऊन आली. म्हणाली, "पयलंच बरं हुतं. गप पडून तरी असायचे." अशा गावाची घागर सकाळी एका थेंबावर अडत होती. उलट अधूनमधून चार थेंब परत जात.

"यंत्र बिघडलंय," शलाका फोनवर डॉक्टर रणदिवेंना म्हणाली.

"यंत्र बिघडत नाही." पडद्यावर डॉक्टरांचा चेहरा शांत होता. "सगळ्यांचं कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं आहे, नाडी ताणलेली आहे, हालचाल शून्य. नमुनेदार मानसिक ताण. तुझे लोक दुःखी आहेत, शलाका."

"ते हसतायत, मॅडम! काल मला तिघांनी जेवायला बोलावलं."

"वरवर हसत असतील. तुझ्या पद्धतीत काही चुकतंय का ते बघ."

हे तिला लागलं. शलाका आपल्या पद्धतीत चूक शोधू लागली, आणि शोधली की चूक सापडतेच. आपण फार बोलतो असं वाटून ती गप्प बसू लागली, मग फार गप्प बसतो असं वाटून बोलू लागली. तिची स्वतःची झोप गेली. जेवण जाईना. चंद्राक्का जिन्यात आडवी उभी राहून म्हणाली, "कशानं सुकलासा वो? तांदळाची भाकरी सोसंना का आमची?"

चंद्राक्का म्हणजे साठीची, उंच, आवाज असा की खालच्या काजू फोडायच्या यंत्रांनीही दबून राहावं. तिच्या कारखान्यातली प्रत्येक बाई शलाकापुढे बसून गेली होती, चंद्राक्का सोडून. मनगटी तिच्याही हातात होती, पण ती खोलीत पाऊल टाकत नसे. उंबऱ्यातूनच चहा देई. शलाकाने एकदोनदा "बसा ना" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर येई, "मला काय धाड भरलीय?"

मेचे तीन आठवडे सरले. एके सकाळी शलाका विचार करकरून थकली आणि मोजणीच्या वेळेला बाहेर पडली. निदान आपल्या डोळ्यांनी बघावं, सकाळच्या पारी हे गाव कसल्या चिंतेत असतं. रस्ता मोकळा होता. डेअरीत दुधाचे कॅन होते, माणसं नव्हती. खालचा कारखाना बंद. सगळं गाव गेलं कुठे?

जुन्या शाळेकडून एक आवाज येत होता. पातळ, कोरडा, वयस्कर.

"सत्तावीस आठे?"

शलाकाने खिडकीतून डोकावलं. आत गाव बसलं होतं. बाकांवर, जमिनीवर, मांडी घालून, हाताची घडी, तोंडावर बोट. काजू कारखान्याच्या बायका एका बाजूला, फौजी एका बाजूला. पुढे खुर्चीत हुद्दार गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे, धोतर, टोपी आणि नाकाच्या टोकावर चष्मा. गडमाळमध्ये चाळीस ते सत्तर वयाचा जो कुणी होता त्याला अक्षरओळख गुरुजींनीच करून दिली होती. गुरुजींनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. ते नुसतं चष्म्यावरून बघत. तेवढ्याने भल्याभल्यांची बोबडी वळे आणि ती अजूनही वळत होती.

"गावडे! ऊठ."

सुभेदार रामचंद्र गावडे, बर्फाळ सीमेवर हिवाळे काढलेला माणूस, उठला. कपाळावर घाम.

"सत्तावीस आठे?"

"गुर्जी... दोनशे..."

"दोनशे?"

"दोनशे... गुर्जी, पोरगी बगाय पाव्हणं याचे हाईत आज..."

"दोनशे किती, गावडे?"

शलाकाने हा प्रयोग ओळखला. जगातल्या यच्चयावत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत माणसाच्या मनावर ताण आणायचा झाला तर एकच खात्रीचा प्रयोग करतात. न हसणाऱ्या परीक्षकापुढे त्याला उभं करायचं आणि चारचौघांत तोंडी गणितं घालायची. कॉर्टिसॉल चढणार म्हणजे चढणारच, आणि तेही जागच्या जागी, हालचालीशिवाय. शलाकाने या प्रयोगावर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. गडमाळने तो प्रयोग आपला आपण शोधून काढला होता आणि रोज मोजणीच्या आधी गावजेवणासारखा सगळ्यांना वाढत होतं.

"खिडकीत कोण ती?" गुरुजींची नजर वळली. "उशीर झाला तर आत येऊन बसायचं. बाहेर उभं राहायचं नाही."

आणि शलाका बोरुडे, सुवर्णपदक विजेती, मुकाट्याने आत गेली आणि पोरीबाळींच्या रांगेत मांडी घालून बसली. का गेली ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

"तू सांग. एकोणतीस सत्ते?"

शलाकाचे कान तापले. तिला सात सत्तेसुद्धा आठवेना. लोकांबरोबर तिनेही बांधलेल्या मनगटीवर लाल ठिपका लुकलुकू लागला आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "लागलं बगा, मॅडमना पन लागलं!"

गुरुजींनी चष्मा वर सरकवला आणि प्रसन्नपणे मान डोलावली. त्यांच्या मनगटीवर हिरवा ठिपका होता. निवृत्तीनंतर वीस वर्षं माणूस ओसरीत एकटा बसून होता आणि जानेवारीपासून त्याचा वर्ग पुन्हा भरत होता. रोजचा एक थेंब कुणाचा ते शलाकाला त्या क्षणी समजलं.

वर्ग सुटल्यावर तिने सगळ्यांना अडवलं. रागाने तिचा आवाज चिरकत होता. "हे काय चाललंय? तुम्ही बरे झालायत! झोपताय, जेवताय, भांडणं मिटलीत. मग रोज सकाळी हे... हे का?"

सगळे चंद्राक्काकडे बघू लागले. चंद्राक्काने पदर खोचला.

"खरं सांगू? संक्रांतीला तिळगूळ द्याय आलासा, तवा म्हनलासा, 'घागर भरत आली, आता माझी सुटका.' सुटका म्हनलासा. तवा आमी इचार केला."

"काय विचार?"

"आमी बरं झालो की तुमी जानार. मग बरं कशापायी व्हायचं?"

"बॉन्डचा डाक्टर आला," सुभेदार बोटं मोडत म्हणाले. "चांगला हुता. मुदत संपली त्या दिशी दुपारच्या गाडीनं गेला. जनावरांचा डाक्टर आला, गेला. बालवाडीच्या दोन बाया गेल्या. प्रत्येकाला निरोप दिला, भाषनं केली. भाषन आता पाठ झालंय माझं, म्याडम. नुसतं नाव बदलतो. तुमच्या येळंला नाव बदलाय जीभ उचलंना."

शलाकाचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काहीतरी जड येऊन बसलं. तिने खाली बसून त्यांना सगळं सांगितलं. बंगळुरूची जागा, मेअखेरची मुदत, लहानपणापासून आपल्याला मेंदूचं संशोधन करायचं होतं हे. आईने त्यासाठी काय काय सोसलं तेही. बोलताना तिला रडू आलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"असं कुटं सांगितलासा आमाला?" चंद्राक्का म्हणाली. "आमाला वाटलं, नुसता कटाळा आलाय गावाचा." मग तिने वळून हुकूम सोडला, "उद्यापासनं पाढं बंद. सगळ्यांनी सकाळी खुशीत ऱ्हायाचं. कोन तोंड पाडंल त्येला माझ्याशी गाठ हाय."

गाव खुशीत राहायच्या कामाला लागलं. सकाळच्या पारी लोक ओट्यांवर बसून एकमेकांना विनोद सांगू लागले. सुभेदारांनी फौजेतले सांगितले, ते बायकांपुढे सांगण्यासारखे नव्हते म्हणून निम्म्यावर तोडावे लागले. कुणी गोड केलं, कुणी भजन लावलं. चंद्राक्का दारोदार फिरून "हसतासा न्हवं?" असं दरडावून विचारू लागली.

घागर तीन दिवसांत गळ्यावरून पोटापर्यंत उतरली.

"आता तर गुरुजींचाही थेंब गेला!" शलाका फोनवर जवळजवळ ओरडली. "गावातले लोक मला जाऊ द्यायला तयार झालेत, मॅडम. मनापासून तयार झालेत. आणि म्हणून सगळेच खरोखर उदास आहेत. आता त्यात काही नाटक नाही."

डॉक्टर रणदिवे पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या. "म्हणजे तू जाणार म्हणून ते उदास. ते उदास म्हणून तू जाऊ शकत नाहीस."

"हो."

"आणि हा नियम कुणी सुचवला होता?"

"मी, मॅडम."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "मग सोपं आहे. त्यांना सांग की तू राहणार आहेस. कायमची. एका सकाळचा प्रश्न आहे. घागर एकदा भरली की बंधपत्र आपोआप सुटतं, मग थेंब परत गेले तरी काही फरक पडत नाही. दहाच्या बेळगाव गाडीने नीघ."

"म्हणजे खोटं सांगू?"

"शास्त्रीय भाषेत आपण त्याला हस्तक्षेप म्हणतो."

शलाकाने दोन दिवस स्वतःशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी मे महिन्याचे शेवटचे दोनच दिवस उरले आणि वाद संपला. तिने बॅग भरली. कपडे, पुस्तकं, भिंतीवरचा आईचा फोटो, सगळं. बॅग पलंगामागे ढकलली आणि संध्याकाळी पंचायतीसमोर लोकांना बोलावलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिने आरशासमोर दहादा म्हणून पाहिलं होतं तरी ते अडखळलं. "मी इथेच राहणार."

"बॉन्ड संपला तरी?" सुभेदारांनी विचारलं.

"संपला तरी."

आरोळी उठली ती बहुधा बेळगावात ऐकू गेली असेल. म्हशीवाली बाई रडू लागली. सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला. हुद्दार गुरुजी काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "एकोणतीस सत्ते दोनशे तीन. पाठ करून ये." शलाका सगळ्यांकडे बघून हसत होती आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की तिथून पळून जावं.

दिवेलागणीला खोलीचं दार वाजलं. चंद्राक्का. हातात चहा नव्हता. उंबऱ्यात ती क्षणभर थांबली आणि मग आत आली. गडमाळमधल्या सगळ्या बायका ज्या खुर्चीत बसून गेल्या होत्या तिच्यात ती बसली. खुर्ची तिला लहान पडत होती.

"ऱ्हानार म्हनलासा म्हनून आले," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आलेला शलाकाने कधी ऐकला नव्हता. "जानाऱ्या मानसाला सांगाय नको वाटतंय. अर्धं सांगितलं आन ऐकनारा उठून गेला, तर त्ये अर्धं नरड्यातच ऱ्हातंय."

शलाकाने खुर्ची जवळ ओढली. बॅग पलंगामागे होती. चंद्राक्काच्या जागेवरून ती दिसत नव्हती.

"माजी लेक हाय बेळगावात. सुमन. ठावं हाय?"

शलाकाला माहीत नव्हतं. गावात कुणी कधी बोललं नव्हतं.

"आपल्या मनानं लगीन केलं तिनं. पाया पडाय आली, तर मी दार लावून घेतलं. आतनं कडी घातली आन काजू निवडत बसले. ती बाहीर उभी. मला दिसत हुतं फटीतनं. लई येळ उभी हुती." चंद्राक्का आपल्या बोटांकडे बघत होती. काजूच्या तेलाने ती कायमची काळी पडली होती. "आता म्हैन्याला बेळगावला जाते. पोती आनाय जाते म्हनून सांगते समद्यांना. पोती हितं पन मिळत्यात. तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन हुबी ऱ्हाते. नात शाळंला निगते. दोन वेन्या घालती. कोपऱ्यापातूर जाते मी. फुडं पाय उचलत न्हाई."

खाली यंत्रं बंद झाली होती. चंद्राक्काने डोळ्यांना पदर लावला, मग एकदम उठली. "आज इतकंच. उरल्यालं उद्या सांगीन. अकराला, पाळी सुटली की. चालंल?"

"चालेल," शलाका म्हणाली.

सकाळी ती फोन समोर ठेवून बसली. डेअरीची वेळ झाली. टप. टप, टप. मग थेंबांची सर लागली, मग आवाज वेगळे ऐकूच येईनात, घागर गळ्यापर्यंत आली, काठाला लागली आणि पडद्यावर फुलं उधळली गेली. 'अभिनंदन! आपली सेवा पूर्ण झाली आहे. आपण मुक्त आहात.' गडमाळ त्या सकाळी सगळंच्या सगळं बरं झालं होतं आणि यंत्राच्या दृष्टीने त्यात कणभरही खोट नव्हती.

लगेच डॉक्टर रणदिवेंचा फोन आला. "झालं ना? संस्थेशी बोललेय मी. उद्या सकाळी हजर हो. दहाची गाडी चुकवू नकोस, नंतर संध्याकाळपर्यंत गाडी नाही."

"मॅडम, अकराला मला एकजण भेटायला येणार आहेत."

"मग पुढच्या समुपदेशकाला चिठ्ठी लिहून ठेव."

"त्या पुढच्याला सांगणार नाहीत."

"शलाका, तुझ्या जागेवर दुसरं कुणीतरी जाईल. हे ऐकतेयस ना? अशी जागा पुन्हा मिळत नाही."

शलाका ऐकत होती. तिला सगळं दिसत होतं. संस्थेची ती पांढरी इमारत, मेंदूची चित्रं घेणारं ते यंत्र, दारावर लागली असती ती आपल्या नावाची पाटी. या मुलीला त्याचं काही वाटलं नाही असं कुणी समजू नये. फार वाटलं. "ऐकतेय, मॅडम," ती म्हणाली, "जागा पुढच्या उमेदवाराला देऊ दे." फोन ठेवून ती पलंगावर पडून ढसाढसा रडली, स्वतःला गाढव म्हणाली, योजनेला, समितीला आणि काजूच्या वासालाही शिव्या दिल्या. खाली वळणावर गाडीने हॉर्न दिला तेव्हा ती उठून बसली. गाडी जरा थांबली आणि गेली. मग शलाकाने तोंड धुतलं, बॅग पलंगामागून ओढून मधोमध उघडली आणि पहिल्यांदा आईचा फोटो काढून परत भिंतीवर लावला.

पाळी सुटली. जिन्यावर जड पावलं वाजली. चंद्राक्का दारात आली आणि तिची नजर उघड्या बॅगेवर पडली. घडी केलेले कपडे, वर पुस्तकं. ती काही वेळ बॅगेकडे बघत राहिली, मग शलाकाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे.

"धाची गाडी गेली न्हवं?" तिने विचारलं.

"गेली."

बॅग पायाने बाजूला सारून चंद्राक्का खुर्चीत बसली आणि पदर सावरला.

"काल कुटवर आलतो आपन?"

"गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत," शलाका म्हणाली.

"व्हय." चंद्राक्काने मोठा श्वास घेतला. "आज जरा फुडं जाऊ."